लॉग सर्व्हरवरच्या फाइल्स कोणालाही वाचता येतायत, परमिशन बदलली तरी दुसऱ्या दिवशी परत तीच

टर्मिनलवाली

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिणारे, पण शेवटपर्यंत वाचा कारण प्रश्न शेवटी आहे आणि त्याचं उत्तर मला खरंच हवंय.

आमच्याकडे एक लॉग सर्व्हर आहे. बाकीच्या चाळीसेक लिनक्स मशीन्सचे लॉग आरसिस्लॉगने (लॉग गोळा करणारा प्रोग्राम) त्याच्यावर येऊन पडतात, प्रत्येक मशीनच्या नावाचा एक फोल्डर आणि आत सिस्लॉग, ऑथ लॉग (लॉगिन्सच्या नोंदी), मेल लॉग वगैरे. रोज रात्री लॉगरोटेट चालतं, जुनी फाइल गुंडाळून बाजूला ठेवतं, नवी चालू होते. गेली कित्येक वर्षं हे असंच चालू आहे, कोणी हात लावलेला नाही.

मागच्या आठवड्यात रिपोर्टची एक स्क्रिप्ट बंद पडली म्हणून त्या स्क्रिप्टचा जो युजर आहे तोच होऊन मी बघत होते. हा युजर अगदी साधा आहे, वेब सर्व्हरच्या लॉगमधून आकडे मोजायचे एवढंच त्याचं काम, सुडो (ॲडमिनचे अधिकार वापरायची सोय) वगैरे काही नाही. त्या नादात भलत्याच फोल्डरमधे गेले आणि ऑथ लॉग उघडायला गेले आणि तो उघडला! तिथे नकार यायला हवा होता. एलएस मारून परमिशन बघितली तर ०६४४, म्हणजे लिहिणार मालक पण वाचणार सगळं गाव. मग एकेक मशीनचा फोल्डर बघत गेले, सगळीकडे तेच. त्या सर्व्हरवर ज्याचं ज्याचं खातं आहे, म्हणजे डेव्हलपर, कंत्राटावरचे लोक, वेगवेगळ्या स्क्रिप्ट्स, त्या सगळ्यांना चाळीस मशीन्सवर कोण कधी कुठून आलं ते वाचता येत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गपचूप परमिशन बदलून मोकळी झाले असते. पण खाली जाताना एक ओळ दिसली, "इनव्हॅलिड युजर", आणि पुढे युजरच्या नावाच्या जागी बारा अक्षरं, त्यात कॅपिटल, आकडे, शेवटी उद्गारचिन्ह. लगेच खाली, त्याच आयपीवरून अकरा सेकंदांनी, "ॲक्सेप्टेड पासवर्ड फॉर" आणि आमच्या एका सीनियर ॲडमिनचं लॉगिन नाव. काय झालं असणार ते लगेच कळलं. समोर "लॉगिन ॲज" आलं, माणूस घाईत होता, त्याने नावाच्या जागी पासवर्ड टाकला, एंटर मारला, चूक लक्षात आली, परत नीट लॉगिन केलं. ही चूक कोणाच्याही हातून होते, मी त्यांना अजिबात दोष देत नाहीये. पण पासवर्ड आणि तो कोणाचा हे दोन्ही, एकाखाली एक, सगळ्यांना वाचता येईल अशा फाइलमधे तीन महिने पडून होतं. वाचून हात गार पडले माझे.

त्यांना फोन करून पासवर्ड लगेच बदलायला लावला, बदलला. आता माझा प्रश्न. आरसिस्लॉगच्या मुख्य कॉन्फिगमधे वरच फाइलक्रिएटमोड ०६४० (मालक लिहिणार, ग्रुप फक्त वाचणार, बाकीच्यांना काहीच नाही) लिहिलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, हाताने सगळ्या चालू ऑथ लॉगना ०६४० केलं. पण आज त्याच रिपोर्टच्या युजरने परत तपासलं तर एका नव्या मशीनचा काल तयार झालेला फोल्डर आहे त्यातल्या सगळ्या फाइल्स ०६४४, आणि ज्या सिस्लॉग आणि मेल लॉगना मी हात लावला नव्हता ते तर रात्री रोटेट होऊन नवीन फाइल आली तरी ०६४४ च. नवीन फाइल ०६४० ने बनायला हवी ना? मी नक्की काय चुकतेय?

जुना_खांब

टर्मिनलवाली ताई, तुम्ही एकटीने एवढं खोदलंत याचं कौतुक आहे, बहुतेक ठिकाणी हे कोणी बघतच नाही.

तुमच्याकडे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत असं वाटतंय. आधी हे सांगा:

बाहेरून येणारे लॉग फाइलमधे टाकायचा जो नियम आहे तो जुन्या पद्धतीने लिहिलाय, म्हणजे एका ओळीत डावीकडे फिल्टर उजवीकडे फाइल, की नव्या पद्धतीने ॲक्शन आणि कंसात टाइप ओमफाइल वगैरे असा?

लॉगरोटेटच्या कॉन्फिगमधे क्रिएट शब्दापुढे काय आहे?

आणि फोल्डरची परमिशन काय आहे? हे महत्त्वाचं आहे, कारण ॲक्शनवाल्या पद्धतीत आरसिस्लॉग स्वतः फोल्डर बनवतो तो ०७०० ने, म्हणजे फक्त मालकापुरता बनवतो. फोल्डरच ०७०० असेल तर आतली फाइल ०६४४ असली तरी बाहेरच्याला आत शिरताच येत नाही. तुमचा रिपोर्टवाला आत शिरला म्हणजे कोणीतरी कधीतरी दार मुद्दाम उघडून ठेवलंय.

सरळमार्गी

चर्चा चांगली आहे पण माझं मत जरा वेगळं आहे. लॉग वाचता येणं याला लगेच व्हल्नरेबिलिटी म्हणायचं का? सर्व्हरवर खाती आहेत ती आपल्याच लोकांची. मी डेव्हलपर आहे, रात्री दोन वाजता काहीतरी पडतं तेव्हा मला लॉग हवा असतो, आणि ॲडमिन झोपलेला असतो. तुम्ही सगळं बंद करून टाकलंत तर लोक काय करतात माहितीये? एकदा परवानगी मिळाली की लॉगची कॉपी स्वतःच्या होममधे मारून ठेवतात, पुढच्या वेळी मागायला लागू नये म्हणून. मी ज्या टीममधे होतो तिथे हेच झालं, शेवटी मूळ लॉग ०६४० आणि त्याच्या सतरा कॉप्या कुठे कुठे पडलेल्या.

पासवर्डवाली गोष्ट वाईट झाली हे मान्य. पण ती चूक पासवर्ड लॉगमधे गेला ही आहे ना?

टर्मिनलवाली

@जुना_खांब, बघितलं. नियम ॲक्शनवाल्या नव्या पद्धतीने लिहिलाय. त्यात डिरक्रिएटमोड ०७५५ (म्हणजे फोल्डरमधे सगळ्यांना शिरता येतं) असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि वर कॉमेंट आहे "रिपोर्टसाठी". फाइलक्रिएटमोड मात्र त्या कंसात कुठेही नाही. लॉगरोटेटमधे नुसतं क्रिएट आहे, पुढे काहीच नाही.

@सरळमार्गी, तुमचं कॉप्यांचं म्हणणं पटतंय, त्यावर मी नंतर नीट लिहिते. पण पासवर्ड लॉगमधे गेला हीच काय ती चूक, हे नाही पटत. माणूस नावाच्या जागी पासवर्ड टाकणार हे जगात सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. लिनक्सच्या लॉगिन डॉट डेफ्स फाइलमधे एक सेटिंगच आहे, अनोळखी युजरचं नाव फेल झालेल्या लॉगिनमधे नोंदवायचं का नाही याचं, आणि त्याच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की नावाऐवजी कोणी पासवर्ड टाकला तर हे धोक्याचं ठरू शकतं. फेल झालेली लॉगिन्स जिथे जातात ती बीटीएमपी फाइल बाकीच्यांना वाचायला बंद असते आणि यशस्वी लॉगिन्सची डब्ल्यूटीएमपी उघडी असते, हा फरक काय उगाच ठेवलाय का? लॉगमधे असलं काहीतरी येणार हे धरूनच फाइलला कुलूप लावलेलं असतं. आमच्याकडे नेमकं ते कुलूप नव्हतं.

जुना_खांब

मग सापडलं. नीट सांगतो, कारण यात पुष्कळ लोक फसतात.

पहिली गोष्ट. आरसिस्लॉगमधे डॉलरचं चिन्ह लावून वर जे जुन्या पद्धतीचं सेटिंग लिहितो ते फक्त जुन्या पद्धतीच्या नियमांना लागू पडतं. ॲक्शन आणि कंस असं जे नवं लिहिणं आहे त्याला ते लागूच होत नाही. तिथे फाइलचा मोड त्याच कंसात लिहायला लागतो, नाहीतर तो आपला डीफॉल्ट घेतो आणि डीफॉल्ट आहे ०६४४. तुम्ही वर ०६४० लिहिलंत, सर्व्हिसने कुरकुर न करता ते वाचलं, आणि तुमच्या नियमापर्यंत ते पोचलंच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. नव्या मशीनच्या फाइल्स ०६४४ आल्या त्या म्हणून.

दुसरी गोष्ट, आणि हिच्यामुळे तुम्ही कंसात ०६४० लिहिलंत तरी सिस्लॉग आणि मेल लॉग सुधारणार नाहीत. हा मोड फाइल *बनवताना* लागतो. फाइल आधीच असेल तर आरसिस्लॉग ती नुसती उघडतो आणि शेवटाला लिहायला लागतो, परमिशनला हात लावत नाही. आता रात्री काय होतं बघा. लॉगरोटेट जुन्या फाइलचं नाव बदलतं, आणि क्रिएट लिहिलेलं असल्यामुळे त्याच नावाची रिकामी फाइल *ते स्वतः* बनवतं, मग आरसिस्लॉगला फाइल परत उघड म्हणून सांगतं. म्हणजे आरसिस्लॉग येतो तेव्हा फाइल तयारच असते. आणि नुसतं क्रिएट असेल, पुढे मोड दिला नसेल, तर लॉगरोटेट मोड कुठून आणतं? जुन्या फाइलवरून! काल ०६४४ होती म्हणून आज ०६४४, आज होती म्हणून उद्या. तुमच्याकडे पहिल्या दिवशी जी फाइल चुकीची बनली तिचाच वारसा इतकी वर्षं चाललाय.

याच कारणाने तुम्ही हाताने बदललेल्या ऑथ लॉगवर रात्री ०६४० च टिकलं असणार, ते बघा एकदा.

करायचं असं: ॲक्शनच्या कंसात फाइलक्रिएटमोड ०६४० आणि ग्रुप, लॉगरोटेटमधे क्रिएट ०६४० आणि पुढे मालक आणि ग्रुप स्पष्ट, आणि आज असलेल्या सगळ्या फाइल्सना एकदा हाताने. गुंडाळून ठेवलेल्या जुन्या जीझिप फाइल्स विसरू नका, त्यांच्यावर मूळ फाइलचीच परमिशन असते. तो पासवर्ड तीन महिन्यांपूर्वीचा असेल तर तो आत्ता तिथेच आहे.

कोडकीट

खांबकाका, सुंदर समजावलंत. वाचनखूण साठवली.

यावरून सिस्लॉग-एनजीची (हा पण लॉग गोळा करणारा प्रोग्राम) जुनी गोष्ट आठवली, सीव्हीई-२०११-०३४३ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या भोकाचा नंबर). लॉगिंग सॉफ्टवेअरच्या ॲक्सेस कंट्रोलचं याच्याइतकं शिकण्यासारखं उदाहरण मला तरी माहीत नाही म्हणून लिहितो. फ्रीबीएसडी आणि एचपी-यूएक्स या युनिक्स सिस्टिम्सवर सिस्लॉग-एनजी लॉग फाइल बनवायचा ती ०७७७७ परमिशनने. ०६४४ नाही, ०७७७७! म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं सगळ्यांना, वर सेटयूआयडी, सेटजीआयडी, स्टिकी हे परमिशनचे तिन्ही खास बिट चढवलेले. लिनक्सवर मात्र तोच कोड नीट चालायचा.

कारण बघा. परमिशनसाठी डीफॉल्ट ठेवला होता उणे १. सी मधे अशी पद्धत असतेच, उणे १ म्हणजे "काही ठरवलेलं नाही". पण परमिशन ठेवायचा सी मधला जो प्रकार आहे तो बिनचिन्हाचा, त्यात उणे मावतच नाही. फ्रीबीएसडीवर हा प्रकार १६ बिटचा आहे, त्यात उणे १ कोंबलं की होतं ६५५३५. नंतर "हे उणे १ आहे का" असं विचारलं की ६५५३५ आणि उणे १ जुळत नाहीत, उत्तर येतं नाही. म्हणजे ठरवलेली परमिशन आहे असं समजून ती लावली जाते, आणि ६५५३५ चे खालचे बारा बिट म्हणजे सगळे एक, म्हणजे ०७७७७. लिनक्सवर तोच प्रकार ३२ बिटचा, तिथे ही तुलना जुळून जाते म्हणून गडबड दिसत नाही. ज्याने लिहिलं त्याच्या मशीनवर टेस्ट पास झाली असणार.

टर्मिनलवालीच्या केसमधे आणि यात मला एकच धागा दिसतो, की "काहीच सांगितलं नाही" तेव्हा प्रोग्राम काय करतो. तिच्याकडे कंसात काही लिहिलं नव्हतं, क्रिएटपुढे काही लिहिलं नव्हतं. रिकाम्या जागेतून परमिशन आली.

निळी_शाई

मी तुमच्यासारखी सिस्टिमवाली नाही, स्वतःची एक छोटी साइट चालवते वर्डप्रेसवर. वाचता वाचता घाबरले म्हणून विचारते, माझ्याकडेही डीबग लॉग नावाची एक फाइल आहे डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधे, कधीतरी काहीतरी दुरुस्त करताना कोणीतरी चालू केली होती. ती पण अशी वाचता येते का? मला सर्व्हरवर लॉगिन करणारं दुसरं कोणी नाही.

कोडकीट

निळी शाई, आत्ताच्या आत्ता ब्राउझर उघडून तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे डब्ल्यूपी-कंटेंट आणि डीबग डॉट लॉग टाकून बघा. साइटवरून लॉगआउट करून, किंवा फोनवरून. फाइल दिसली तर सर्व्हरवर लॉगिन असण्याचा प्रश्नच नाही, जगातला कोणीही ती वाचू शकतो, कारण ती वेबसाइटच्या फोल्डरमधेच आहे.

लाइटस्पीड कॅशे म्हणून एक प्लगइन आहे, ६० लाखांहून जास्त साइट्सवर आहे. २०२४ मधे त्यात सीव्हीई-२०२४-४४००० सापडला. डीबग लॉग चालू असला की त्यात लॉगिनच्या वेळच्या कुकीज पण लिहिल्या जात होत्या, आणि लॉग याच फोल्डरमधे याच नावाने. फाइल उचलायची, ॲडमिनची कुकी घ्यायची, ब्राउझरमधे टाकायची, झालात ॲडमिन, पासवर्ड लागतच नाही. ६.५.०.१ व्हर्जनमधे त्यांनी दुरुस्त केलं, लॉग वेगळ्या फोल्डरमधे नेला, फाइलचं नाव अंदाज न येणारं केलं. पण आधीची पडून राहिलेली फाइल तुम्हालाच डिलीट करायला लागते. अपडेट करून लोक निवांत बसले आणि जुनी फाइल तशीच, असं होऊ देऊ नका.

निळी_शाई

दिसली. सगळी दिसली फोनवरून. डिलीट केली, डीबग बंद केलं, सगळीकडून लॉगआउट केलं आणि पासवर्ड पण बदलला. कोडकीट, खूप खूप आभार. हात अजून थरथरतोय.

सरळमार्गी

बरं, निळी शाईंचं वाचून माझा मुद्दा थोडा मागे घेतो. पण कॉप्यांचा प्रश्न राहतोच, त्यावर कोणीच बोललं नाही. कुलूप लावलं की माणूस खिडकीतून जातो.

टर्मिनलवाली

@सरळमार्गी, त्यावर बोलायचंच होतं, कारण तो आमचाही प्रश्न आहे. रिपोर्टसाठी फोल्डर ०७५५ केला तो कोणी वाईट हेतूने नाही केला. त्याला फक्त वेबचे लॉग हवे होते, पण आमच्याकडे वेबचे लॉग वाचू शकणारा असा वेगळा ग्रुपच नव्हता. एकतर ॲडमिन नाहीतर सगळं गाव, मधलं काही नाही. मग माणूस सगळ्या गावाला उघडून देतो, कारण त्याचं काम त्याला आज संपवायचं असतं.

मी आता असं करतेय की ऑथ लॉग एका फोल्डरमधे वेगळेच आणि तिथे फक्त ॲडमिन ग्रुप. वेब आणि ॲप्लिकेशनचे लॉग दुसरीकडे, त्यांचा ग्रुप डेव्हलपर्सचा, आणि त्यात तुमच्यासारख्याला रात्री दोनला कोणाला उठवायला लागणार नाही. रिपोर्टचा युजर त्या दुसऱ्या ग्रुपमधे. तुम्हाला रात्री जो लॉग लागतो त्यात कोण कुठून लॉगिन झालं हे लागतं का? माझ्या अनुभवात दहात एकदा लागतं. त्या एका वेळेसाठी बाकी नऊ वेळा उघडं का ठेवायचं?

सरळमार्गी

नाही लागत, खरं आहे. अशी विभागणी असेल तर माझी काही तक्रार नाही. आमच्याकडे अशी कोणी करून दिली नाही म्हणून आम्ही कॉप्या मारत बसलो.

रात्रपाळी

विंडोजवाला आहे, थोडं अवांतर पण विषयाला धरून. २०२२ मधे विंडोजच्या इव्हेंट लॉगमधे लॉगक्रशर म्हणून एक भोक बाहेर आलं होतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडलात तर त्यात इंटरनेट एक्सप्लोरर नावाचा पण एक लॉग असतो. बाकीच्या लॉगना परमिशन कडक, पण याच्या परमिशन वेगळ्या, डोमेनमधला कोणीही साधा युजर दुसऱ्या मशीनवरचा हा लॉग लांबून उघडू शकायचा. तेवढ्या एका दारातून आत शिरून त्या मशीनची सगळी इव्हेंट लॉग सर्व्हिसच पाडता यायची. लॉगच बंद म्हणजे पुढे जे करायचं ते कोणाला दिसायलाच नको. त्याच वर्षी १५ जूनला खुद्द एक्सप्लोररच मायक्रोसॉफ्टने निवृत्त केलं, पण त्याचा लॉग आणि त्याची ढिली परमिशन मशीनवर राहिलीच. ऑक्टोबरच्या अपडेटमधे तो लॉग लांबून उघडणं फक्त ॲडमिनपुरतं केलं.

सांगायचं हे की नुसता कोण *वाचतो* हे बघून भागत नाही, लॉग थांबवू कोण शकतो हे पण बघा.

जुना_खांब

रात्रपाळी, अगदी बरोबर, आणि आपल्या लॉगरोटेटमधेही हे झालेलं आहे. सीव्हीई-२०२२-१३४८. लॉगरोटेट एकाच वेळी दोनदा चालू नये म्हणून आपल्या स्टेट फाइलवर लॉक घेतं. ती फाइल नसेल तर नवीन बनवताना सगळ्यांना वाचता येईल अशी बनवायचं. आता वाटेल की त्यात काय आहे, कुठला लॉग कधी रोटेट झाला याच्या तारखा, वाचेना का कोणी. पण लिनक्समधे फाइल नुसती वाचायला उघडता आली तरी तिच्यावर लॉक घेता येतो. कोणीही साधा युजर तो लॉक धरून बसला की रोटेशनच बंद. लॉग वाढत जातो, डिस्क भरते, आणि डिस्क भरली की नवीन नोंदी जायला जागा नाही. ३.२०.० मधे दुरुस्त झालं. ज्यांच्याकडे जुनं आहे त्यांनी स्टेट फाइलची परमिशन बघून घ्या, ०६४० केली की काम झालं. वाचायच्या परवानगीत एवढी ताकद असते हे मलाही तेव्हाच नीट उमगलं.

ताई, तुमच्यासाठी अजून एक. फोल्डरला ग्रुप देताय तर *लिहायची* परवानगी ग्रुपला देऊ नका. लॉगरोटेट रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) म्हणून चालतं. ज्या फोल्डरमधे दुसरा कोणी फाइल काढू-ठेवू शकतो तिथे रूटने फाइल बनवणं म्हणजे आमंत्रणच, तो माणूस लॉगच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) ठेवतो आणि रूट भलतीकडेच जाऊन फाइल बनवतो. डेबियनच्या एनजिनएक्स पॅकेजमधे २०१६ ला हेच निघालं, सीव्हीई-२०१६-१२४७. लॉगचा फोल्डर वेब सर्व्हरच्या युजरच्या मालकीचा होता, आणि वेबसाइटमधून जो त्या युजरपर्यंत पोचला तो तिथून पुढे रूट होऊ शकायचा.

आता लॉगरोटेट अशा फोल्डरला बघून स्वतःच अडतं, "पेरेंट डायरेक्टरीला इनसिक्युअर परमिशन्स आहेत" असं म्हणून ती फाइल सोडून देतं. मग लोक शोधतात, कुठेतरी उत्तर मिळतं की सू रूट रूट अशी ओळ टाका, टाकतात, एरर जाते. अहो ती एरर तुम्हाला सावध करत होती! सू ओळ लिहायची तर ज्या युजरचा फोल्डर आहे त्या युजरची लिहा, म्हणजे लॉगरोटेट तेवढ्या फाइलपुरतं रूटचे कपडे उतरवून काम करतं. फोल्डरमधे बाहेरचा लिहू शकतोय आणि तुम्ही रूट रूट लिहिलंत तर जे दार त्यांनी बंद केलं होतं ते परत उघडलंत.

अनुस्वार

वाचतोय, फार छान चाललाय धागा. अँड्रॉइडवर काम करतो, तिथला एक मुद्दा. पूर्वी कुठलंही ॲप रीड लॉग्सची परवानगी मागून अख्ख्या फोनचा लॉग वाचू शकायचं, दुसऱ्या ॲप्सनी जे लिहिलंय ते सगळं. ४.१ पासून, म्हणजे २०१२ पासून, साध्या ॲपला फक्त स्वतःचा लॉग दिसतो. अँड्रॉइड १३ मधे तर ज्यांना ही परवानगी आहे त्यांनी पूर्ण लॉग मागितला तरी दर वेळी युजरला विचारलं जातं.

सर्व्हरवर जर्नलडी (सिस्टिमडीची लॉग ठेवणारी सर्व्हिस) वापरत असाल तर तिथे पण असंच आहे ना? साध्या युजरला स्वतःच्याच नोंदी दिसतात?

जुना_खांब

हो, स्वतःच्याच. सगळं बघायला सिस्टिमडी-जर्नल ग्रुप लागतो, किंवा एडीएम नाहीतर व्हील. आता मुद्दा असा की कोणाला काहीतरी छोटं बघायचं असतं म्हणून एडीएममधे टाकतात आणि मग काढायचं राहून जातं. त्या तिन्ही ग्रुपांत कोण कोण आहे याची यादी एकदा काढून बघाच.

आणि ताई, हे आत्ता लक्षात आलं. ती "इनव्हॅलिड युजर"ची ओळ तुमच्या लॉग सर्व्हरवर आलेली *कॉपी* आहे. मूळ मशीनवरच्या ऑथ लॉगमधे आणि तिथल्या जर्नलमधे पण ती असणार. बॅकअप असेल तर तिथेही.

टर्मिनलवाली

तेच करत होते आज दिवसभर. थोडक्यात सांगते कुठवर आलं.

कंसात मोड आणि ग्रुप लिहिला, लॉगरोटेटमधे क्रिएट ०६४० मालक ग्रुप सगळं लिहिलं, जुन्या जीझिपसकट सगळ्या फाइल्स बदलल्या. मग रात्रीची वाट न बघता लॉगरोटेट जबरदस्तीने चालवून बघितलं, नवीन फाइल ०६४० आली. खांबकाका, तुम्ही म्हणालात तसंच, ऑथ लॉगवर मी हाताने केलेलं टिकलं होतं, म्हणून तर मी अजूनच गोंधळले होते की काही फाइल्स नीट आणि काही नाही असं का.

तपासायची पद्धत पण बदलली. आधी मी रूट म्हणून एलएस करून अक्षरं वाचत होते. आता सुडोने नोबडी युजर (ज्याला काही खास अधिकार नसतात) होऊन फाइल खरंच उघडायचा प्रयत्न करते, मग रिपोर्टचा युजर होऊन, मग एका डेव्हलपरच्या खात्यावरून, त्यालाच शेजारी बसवून. नोबडीला सगळीकडे नकार. रिपोर्टवाल्याला वेबचे मिळाले, ऑथला नकार. डेव्हलपरला मात्र एका फोल्डरमधला ऑथ लॉग उघडला! तो माणूस दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी कामासाठी एडीएम ग्रुपमधे टाकलेला होता आणि त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. काढला. यादीत असे अजून चार निघाले, त्यातली दोन खाती सोडून गेलेल्या लोकांची.

पासवर्डच्या त्या ओळीचं काय करायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं होतं ओळ काढून टाकू सगळीकडून. मी नको म्हटलं. तो पासवर्ड आता कुठेच चालत नाही, सगळीकडे बदललाय हे त्या सरांसोबत बसून एकेक मशीनवर तपासलं, दोन ठिकाणी तोच जुना निघाला तो पण बदलला. आणि या तीन महिन्यांत त्यांच्या नावाने कोणी दुसरं आलं होतं का हे बघायला मला तेच लॉग लागणारेत, जसेच्या तसे. त्यांच्या नावाची सगळी लॉगिन्स काढली, आयपी आणि वेळ समोर ठेवली आणि ते स्वतः एकेक ओळ बघून "हा मी, हा मी" असं सांगत गेले. साडेतीनशेच्या वर ओळी होत्या, कंटाळा न करता सगळ्या बघितल्या त्यांनी.

एका ओळीवर थांबले. रविवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं, आमच्याच ऑफिसच्या आतला आयपी. "हा मी नाही" म्हणाले, मग बराच वेळ विचार करून म्हणाले "नाही, खरंच आठवत नाही."

तो आयपी त्या दिवशी कुठल्या मशीनला होता हे डीएचसीपीच्या (मशीन्सना आयपी वाटणारी सर्व्हिस) लॉगमधे असेल, तो लॉग दुसऱ्या सर्व्हरवर आहे आणि त्याचं रोटेशन किती दिवसांचं आहे ते उद्या सकाळी कळेल. कळलं की इथेच लिहिते.

जुना_खांब

ताई, सकाळपर्यंत थांबू नका. आज रात्री रोटेट होऊन सगळ्यात जुनी फाइल उडाली आणि नेमकी तीच हवी असली तर? आत्ता फोन करून त्या सर्व्हरवरचं रोटेशन थांबवायला सांगा, किंवा फाइल्सची कॉपी घ्यायला सांगा. कॉपी ०६०० ने.

टर्मिनलवाली

केला फोन. रोटेशन थांबवलं, कॉपी घेतली. सगळ्यात जुनी फाइल त्या रविवारच्या आधीची आहे.